परसाकडे

म्हैसूरच्या गोकुलम थर्ड स्टेजमध्ये सकाळी सहाच्या आधीच जाग असते. खांद्यावर चटया टाकून परदेशी मुलंमुली योगशाळांकडे निघालेली असतात. के. पट्टाभि जोइस यांनी २००२ मध्ये आपली अष्टांग योगशाळा लक्ष्मीपुरमहून इथं आणली, तेव्हापासूनचा हा शिरस्ता आहे. स्वतःच्या शरीरावर ताबा मिळवायला माणसं सातासमुद्रापलीकडून म्हैसूरला येतात. त्याच गल्लीतल्या आमच्या घरात आईचा स्वतःच्या शरीरावरचा ताबा एकेक करून सुटत होता. या प्रकरणात त्यातल्या सर्वांत न बोलल्या जाणाऱ्या भागाबद्दल लिहायचं आहे: शी, पोट, मलावरोध. डिमेन्शियावरच्या गप्पांत माणसं विसराळूपणाबद्दल तासभर बोलतात. घर मात्र थकतं ते इथं.

सुरुवात माझ्या चुकीपासून करते. आई तेव्हा अंथरुणाला जवळजवळ खिळलेली होती. तीन दिवस तिला सारखी पातळ शी होत होती. थोडीथोडी, पाण्यासारखी, तपकिरी, फार घाण वासाची. दिवसाला आठ-दहा डायपर लागत होते. मी समजले की ढाळ लागलेत. औषधाच्या दुकानातून जुलाब थांबवणारी लोपरामाइडची गोळी आणली आणि दिली. चौथ्या रात्री आई पलंगाची कड धरून ओरडायला लागली. हात लावू देईना, घास घेईना, संध्याकाळपासून डायपर लघवीनेही भिजलेला नव्हता. डॉक्टर घरी आले. त्यांनी पोटावर हात फिरवला, हातमोजा घालून गुदद्वार तपासलं आणि म्हणाले, "जुलाब कुठले? हा तुंबारा आहे." आतडं खालपर्यंत खड्यांनी गच्च भरलं होतं, आणि त्या खड्यांच्या कडेनं वरचं पाणी झिरपत होतं. मी तीन दिवस ते झिरपणं पुसत होते आणि वर ते थांबवायची गोळी देत होते.

एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी हे प्रकरण वाचल्याचं चीज होईल, म्हणून ठळकपणे सांगते: अंथरुणावरच्या डिमेन्शियाच्या माणसाला पातळ शी होत असेल, तर ते जुलाब आहेत असं धरून चालू नका. आधी मलावरोध नाही ना, हे तपासून घ्या. ते कळेपर्यंत जुलाब थांबवणारी गोळी देऊ नका.

असं का होतं, ते नीट समजून घेऊ. मोठ्या आतड्याचं काम पाणी शोषून घेण्याचं. मळ जितका वेळ आत राहील तितका तो सुकतो. गुदाशयात मळ येऊन ठेपला की भिंत ताणली जाते, आणि आपल्याला 'लागलीय' असं वाटतं. गुदद्वाराला दोन दरवाजे असतात. आतला आपोआप उघडतो, बाहेरचा आपण आपल्या मर्जीनं आवळतो किंवा सोडतो. ही मर्जी मेंदूच्या पुढच्या भागातून चालते. डिमेन्शियात निरोप तिथपर्यंत पोचतो, पण त्याचा अर्थ लागत नाही. काहीतरी होतंय एवढंच कळतं. संडास कुठं आहे ते आठवत नाही, नाडी सोडणं जमत नाही, बसल्यावर कुंथायचं असतं हे सुचत नाही. मग मळ तिथंच राहतो, सुकतो, पुढं-मागं होईनासा होतो. काही काळानं गुदाशय एवढा सैलावतो की ताण बसला तरी निरोपच उठत नाही. हा गच्च भरलेला गुदाशय पुढच्या मूत्राशयावर दाब देतो, म्हणून लघवी तुंबते. वेदना सांगता येत नाही, म्हणून माणूस ओरडतो, मारतो, रात्रभर जागा राहतो, आणि घरचे म्हणतात, 'आजार वाढला.' कित्येकदा आजार वाढलेला नसतो, पोट साफ झालेलं नसतं.

न्यूयॉर्कचे मानसोपचारतज्ज्ञ बॅरी राइसबर्ग यांनी अल्झायमरच्या पायऱ्या मोजायची एक पट्टी केली. तिच्यात सहाव्या पायरीवर माणूस क्रमाक्रमानं कपडे घालणं, अंघोळ, संडासचे सोपस्कार, मग लघवी आणि शेवटी शी यांवरचा ताबा गमावतो. सातव्या पायरीवर बोलण्यात जेमतेम अर्धा डझन शब्द उरतात, मग चालणं आणि बसणं जातं. मूल ज्या क्रमानं शिकतं त्याच्या जवळजवळ उलटा हा क्रम. ही पट्टी मला उपयोगाची वाटते, कारण पुढं काय येणार ते आधी कळतं. पण त्यावरून 'म्हातारी आता बाळ झाली' असं कुणी म्हणालं की मी अडवते. बाळाला लाज नसते. आईला शेवटपर्यंत होती. बोलता येत नव्हतं तेव्हाही डायपर बदलताना ती पदर शोधायची, आणि अंगावर पदर नाही हे कळलं की हातानं पोट झाकायची.

शब्द सुटतात तेव्हा कोणते उरतात, हे या कामात फार महत्त्वाचं ठरतं. आई मूळची निपाणीची. लग्नानंतर पुण्याला गेली, बाबांच्या माघारी माझ्याकडे म्हैसूरला आली. तिला कानडी बऱ्यापैकी यायचं. आजारात ते गेलं, मग 'टॉयलेट' गेलं, मग 'संडास'ही गेला. उरलं ते लहानपणीचं 'परसाकडे'. मदतीला येणाऱ्या अक्का इथल्याच, कन्नड बोलणाऱ्या. आई 'परसाकडं, परसाकडं' करत अस्वस्थ व्हायची आणि अक्कांना वाटायचं, अज्जी कुणाला तरी हाक मारतायत. एके दिवशी मी अर्थ सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, आमच्याकडं जुनी माणसं 'बहिर्देसे' म्हणतात. आपल्याकडची 'बहिर्दिशा' तीच! दोन्ही भाषांतल्या आज्या एकाच दिशेला जात होत्या. त्या दिवसापासून तो शब्द ऐकला की अक्का आईला उठवून बसवायला लागल्या आणि निम्मे अपघात थांबले. तुमच्या घरी मदतनीस दुसऱ्या भाषेची असेल, तर औषधांच्या यादीआधी हा एक शब्द तिला शिकवा. तुमच्या माणसाचा शब्द 'झाड्याला' असेल, 'बाहेर' असेल, नुसतं पोटाला हात लावणं असेल. तो शोधावा लागतो. शब्द संपल्यावर खुणा उरतात. आईच्या खुणा तीन होत्या: चादर चाचपणं, कपाळाला आठी, आणि चेहरा लाल होऊन श्वास रोखणं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' हा २०१३चा चित्रपट पाहिला असेल तर चन्नम्मा आठवेल. अमृता सुभाषने केलेल्या त्या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. डॉ. मोहन आगाशे यांनी रंगवलेले स्मृती हरवलेले शास्त्रीबुवा हत्तीमागे जातात आणि माहुताच्या बायकोच्या हाती पडतात. तिची भाषा वेगळी, त्यांची वेगळी. तरी ती त्यांना लेकरासारखं सांभाळते. आमच्या अक्कांनी तो चित्रपट पाहिलेला नाही.

आता रोजच्या कामाकडे वळते.

पहिली वस्तू वही. शंभर पानी, पलंगाला दोरीनं बांधलेली, सोबत पेन. तारीख, वेळ, शी कशी झाली, किती झाली, कोणतं औषध दिलं. 'कशी' यासाठी ब्रिस्टलचा तक्ता वापरा. ब्रिस्टल विद्यापीठातल्या लुइस आणि हीटन यांनी १९९७ मध्ये तो प्रसिद्ध केला. शीचे सात प्रकार, एक ते सात आकडे. आमच्या घरी त्याला आमची नावं होती. एक म्हणजे शेळीच्या लेंड्या. दोन म्हणजे लेंड्या चिकटून झालेला गोळा. तीन म्हणजे भेगा पडलेली वळकटी. चार म्हणजे पिकल्या केळ्यासारखी मऊ. पाच मऊ तुकडे, सहा लापशी, सात पाणी. तीन आणि चार हवेत. एक-दोन म्हणजे मलावरोध. सहा-सात दिसलं तर मागची पानं उलटून बघा: त्याआधी चार-पाच दिवस काहीच झालं नव्हतं का? मी तेव्हा वही ठेवत नव्हते. ठेवत असते तर त्या गोळीपर्यंत गेलेच नसते. मुलगा रात्री, सून दिवसा, मदतनीस दुपारी, अशा तीन पाळ्यांत 'कालच झाली होती' हे प्रत्येकजण खरेपणानं सांगतो आणि प्रत्येकाचा काल वेगळा असतो.

रोज झालीच पाहिजे असं नाही. दिवसाला तीनदा ते आठवड्याला तीनदा, या पट्ट्यातलं काहीही निरोगी माणसात चालतं. पण अंथरुणावरच्या माणसाचे तीन दिवस कोरडे गेले की चौथ्याची वाट बघू नये.

दुसरी गोष्ट वेळेची. जेवणानं जठर भरलं की मोठं आतडं हलतं, ही निसर्गाची सोय आहे, आणि सकाळी ती सर्वांत जोरकस असते. म्हणून नाश्ता आणि कोमट पेय झाल्यावर वीसेक मिनिटांनी, रोज त्याच वेळी, कमोडवर किंवा चाकाच्या कमोड खुर्चीवर बसवावं. माणूस बसू शकतो तोवर हे सोडू नये. पलंगावर आडवं होऊन कुणालाही नीट शी होत नाही. जन्मभर उकिडवं बसलेल्या पिढीला कमोडवर पाय लोंबकळत ठेवले की जोरच लावता येत नाही. पायाखाली बुटकं स्टूल किंवा पाट ठेवा, गुडघे कमरेच्या जरा वर येऊ द्या, पुढं झुकून टेकायला मांडीवर उशी द्या. दहा मिनिटं पुरेत. झाली नाही तर उठवा, रागवू नका. पांढऱ्या फरशीवर पांढरा कमोड अशा माणसाला वेगळा दिसत नाही. आम्ही गडद निळं सीट बसवलं, आणि आई चालत होती तोवर त्याचा खूप उपयोग झाला. त्या दहा मिनिटांत मी बाहेर उभी राहून दार लोटलेलं ठेवायचे. कुणी डोळे लावून बसलं की कुणाला होते?

खाण्याबद्दल मराठी घरात सल्ल्यांना तोटा नसतो, त्यामुळं मी जे करू नये तेच जास्त सांगते. इसबगोल सर्वांना माहीत आहे, पण ते भरपूर पाण्यावर चालतं. जो माणूस दिवसभरात कसंबसं चार पेले पाणी घेतो, त्याच्या पोटात त्याचा लगदा होऊन अडकतो, आणि गिळायला अडखळणाऱ्याच्या घशातही बसू शकतो. अंथरुणावरच्या माणसाला ते देऊ नका. कोंडा वाढवण्याचंही तसंच. एरंडेलानं मुरडा येतो आणि अंगातलं पाणी जातं. लिक्विड पॅराफिन असलेली दुधाळ औषधं गिळण्याचा त्रास असणाऱ्याला धोक्याची, कारण तेल चुकून श्वासनळीत गेलं तर फुप्फुसात सूज येते, आणि ठसकासुद्धा लागत नाही. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचा. साबणपाण्याचा एनिमा आतड्याचं अस्तर जाळू शकतो. फॉस्फेटचा एनिमा दुकानात सहज मिळतो, पण मूत्रपिंड कमजोर असलेल्या वृद्धात तो रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडवतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१४ मध्ये सोडियम फॉस्फेटच्या औषधांबद्दल, दिवसात एकाहून जास्त मात्रा घेण्याबद्दल, उघड इशारा दिला आहे. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय तो वापरू नये.

चालतं ते असं: पातळसर शिजवलेली दुधी किंवा पडवळ, पिकलेली पपई कुस्करून, रात्री भिजवलेल्या काळ्या मनुका वाटून गाळून. इथल्या नंजनगूडच्या रसबाळे केळ्याचा आईला फार लळा. पूर्ण पिकलेलं, काट्यानं मोडलेलं चालतं, कच्चट केळं उलट बांधून ठेवतं. गोकुलममध्ये शहाळ्याच्या गाडीसमोर योगवाल्यांची गर्दी असते, त्या गर्दीत मीही उभी असायचे. शहाळ्यात पोटॅशियम पुष्कळ असतं, म्हणून मूत्रपिंडाचा आजार असेल तर आधी विचारून घ्या. पाणी चमच्यानं, दर तासाला थोडं, माणूस सरळ बसलेला असताना. ठसका लागत असेल तर जेवणावर प्रयोग करू नका, गिळण्याची तपासणी करून घ्या. म्हैसूरकरांना ती सोय घराजवळ आहे: मानसगंगोत्रीतली अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था बोलण्या-ऐकण्यासाठी देशभर प्रसिद्ध आहे, आणि गिळण्याच्या तक्रारीही तिथं पाहतात.

औषधांत दोन नावं पुन्हा पुन्हा ऐकाल. लॅक्टुलोज हे गोड पातळ औषध. त्याला एक-दोन दिवस लागतात, म्हणून 'लागू पडलं नाही' म्हणून दुसऱ्याच दिवशी मात्रा दुप्पट करू नये. पोट थोडं फुगतं. दुसरं पॉलिएथिलीन ग्लायकॉल, पुडीत येणारी पावडर. ती पाणी धरून ठेवते आणि मळ मऊ करते. हिच्याबाबत एक बारीक पण जिवावर बेतणारी गोष्ट आहे. ठसका लागू नये म्हणून पाणी दाट करायला स्टार्चची पावडर वापरत असाल, तर ही औषधी पावडर तिच्यात मिसळल्यावर पाणी पुन्हा पातळ होतं. ब्रिटनच्या औषध नियामकांनी २०२१ मध्ये यावर इशारा दिला. दोन्ही लागत असतील तर डॉक्टरांना आणि गिळण्याच्या तज्ज्ञांना दोन्हींची नावं सांगा. खालून द्यायच्या ग्लिसरीन किंवा बिसाकोडिलच्या बत्त्या गुदाशयापर्यंत आलेल्या मळासाठी असतात. पंधरा मिनिटं ते तासाभरात काम होतं. म्हणून त्या नाश्त्याच्या वेळेशी जुळवल्या तर दिवसाचा बाकीचा भाग मोकळा मिळतो. बोटानं खडे काढणं नर्सचं किंवा डॉक्टरांचं काम आहे. आतून जखम होऊ शकते, आणि त्या ताणानं हृदयाचे ठोके मंदावू शकतात.

औषधांच्या यादीकडेही एकदा पोटाच्या नजरेनं पाहा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या, वेदनाशामक ट्रामाडोल, झोपेसाठी दिलेली जुनी अमिट्रिप्टिलीन, ही सगळी पोट बांधतात. लघवीवर ताबा राहावा म्हणून दिलेली ऑक्सिब्युटिनिन तर दुहेरी नुकसान करते. स्मृतीसाठी दिलेली डोनेपेझिल मेंदूतलं ॲसिटिलकोलीन वाढवते, ही त्याचंच काम अडवते. कित्येकदा डोनेपेझिलमुळंच लघवी-शी सैल होते, म्हणून ऑक्सिब्युटिनिन सुरू होते, तिनं पोट बांधतं, म्हणून रेचक येतं. तीन डॉक्टर, तीन चिठ्ठ्या, आणि त्या एकत्र वाचणारं कुणी नाही. ते काम घरच्यांनी करायचं: सगळ्या चिठ्ठ्या एका पाकिटात घालून एकाच डॉक्टरांपुढं ठेवायच्या आणि विचारायचं, 'यातलं काय थांबवता येईल?'

वेदना मोजायलाही एक साधन आहे. २००३ मध्ये आलेल्या 'पेनॅड' पट्टीत पाच गोष्टी बघायच्या: श्वास, आवाज, चेहरा, अंगाची ठेवण, आणि समजावल्यावर शांत होतं की नाही. प्रत्येकीला शून्य ते दोन गुण. आईचा आकडा पाचच्या वर गेला की आम्ही आधी वही उघडत असू.

काही खुणा दिसल्या की मात्र वही मिटून गाडी काढायची: पोट अचानक ढोलासारखं फुगणं, उलट्या, वारा न सरणं. वर्षानुवर्षं मलावरोध असलेल्या वृद्धांत आतड्याला पीळ पडू शकतो आणि त्यात तास मोजावे लागतात. रक्त, डांबरासारखी काळी शी (लोहाच्या गोळीनंही काळी होते, ते आठवा), ताप, किंवा आठ तास लघवी न होणं, हेही त्यातच धरा. अँटिबायोटिकच्या कोर्सनंतर खरेखुरे जुलाब लागले तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

त्वचेचं थोडक्यात. लघवी आणि शी एकत्र आली की कातडी लवकर लाल होते. कोमट पाणी, मऊ सुती फडकं, पुढून मागे पुसणं, चोळायचं नाही, टिपायचं. वर झिंक ऑक्साइडचं मलम पातळ थरात. पावडर नको, तिचा ओला लगदा घड्यांत बसतो. भिंतीला, चादरीला शी फासणारं माणूस खोडसाळ नसतं. आत काहीतरी टोचतंय, खाजतंय किंवा ओलं लागतंय, ते काढायला हात जातो आणि मग हाताचं काय करायचं ते कळत नाही. अशा वेळी आधी पोट बघा, मग कातडी. रागावून झाल्यावर कितीही पाणी ओतलं तरी ते रागावणं त्यांच्या अंगावर राहतं, नेमकं काय झालं ते विसरलं तरी.

आणि डायपर. शी आधी संडासात झटकायची, मग डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्यायचा. घनकचरा नियमांत हे गुंडाळून वेगळं देणं घरच्यांवरच आहे. म्हैसूर शहर स्वच्छतेच्या राष्ट्रीय क्रमवारीत २०१५ आणि २०१६ मध्ये देशात पहिलं आलं, ते रोज दारात येणाऱ्या पौरकार्मिकांच्या, म्हणजे सफाई कामगारांच्या, हातांवर. उघडा डायपर त्यांच्याच हातात जातो.

भारतात साठीपुढच्या माणसांपैकी ७.४ टक्के, म्हणजे अंदाजे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, असं २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात आढळलं. त्यातल्या बहुतेकांची शेवटची वर्षं कुणाच्या तरी घरातल्या मागच्या खोलीत जातात आणि त्यांची शी कुणीतरी एक बाईच काढत असते. ती सून असेल, लेक असेल, पगारी मदतनीस असेल. केंद्र सरकारची १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन आहे, तिच्यावर मार्गदर्शन मिळतं. पण त्याहून जवळची मदत घरातच असते. आमच्या घरी रविवारची सकाळ माझ्या भावाची ठरली. पुण्याहून तो महिन्यातून एकदा यायचा, आणि त्या दिवशी कमोड खुर्ची, फडकं, मलम, वही, सगळं त्याचं. पहिल्या वेळी तो न्हाणीघरात जाऊन रडला. तिसऱ्या वेळी त्यानं मला विचारलं, "कालची तीन नंबर होती की चार?"

तुमच्या घरी असं माणूस असेल, तर हे पुस्तक इथंच उपडं ठेवा आणि एक वही घ्या. शेवटची शी कधी झाली ते घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, आणि मिळतील ती उत्तरं पहिल्या पानावर लिहा.